जहाज बुडाले, शनिवार तरला

अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर फार पूर्वी एक जहाज फुटले. कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्रायल, पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत की त्या जहाजातून सात पुरुष आणि सात बाया जिवंत किनाऱ्याला लागल्या. लाटांनी आणून टाकलेली आपल्या माणसांची प्रेते त्यांनी तिथेच पुरली. पुरुष एकीकडे, बाया दुसरीकडे. आज त्या जागी स्मारक आहे. ही घटना दोन हजार वर्षांपूर्वीची की त्याहून पुष्कळ अलीकडची, यावर अभ्यासकांचा वाद चालू आहे. मला त्या वादापेक्षा जास्त ओढतो तो हिशेब, काय बुडाले आणि काय उरले याचा. धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या उरल्या नाहीत. हिब्रू भाषाही हळूहळू गेली. उरली ती शेमा या प्रार्थनेची सुरुवात, मुलग्याची आठव्या दिवसाची सुंता, कोणते मासे खायचे आणि कोणते नाहीत याची जाण, आणि शनिवार. दुकानात मांडता येईल किंवा देव्हाऱ्यात ठेवता येईल असे यात काहीच नाही.

ही गोष्ट मी प्रथम ऐकली ती समुद्रापासून शेकडो कोस दूर, भातशेतीच्या मुलखात, वरठीला, आजोबांच्या तोंडून.

वरठी भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातले. पण रेल्वेच्या फलकावर गावाचे नाव नाही. तिथे लिहिले आहे 'भंडारा रोड', कारण भंडारा शहराला जायचे तर इथे उतरून पुढे दहाएक किलोमीटर जावे लागते. आता सनफ्लॅगच्या पोलाद कारखान्याने वरठी ओळखली जाते. आजोबांच्या वेळी ती ओळख रेल्वेची होती. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेचा हा मार्ग; कंपनी गेली, सरकारी झाली, विभागांची नावे बदलत राहिली, तरी आमच्या घरातली म्हातारी माणसे शेवटपर्यंत 'बीएनआर'च म्हणत. आजोबा स्टेशनावर सांधेवाले होते. रेल्वेच्या चाळवजा क्वार्टरमध्ये त्यांच्या शेजारच्या खोल्यांत तारबाबूंचे बिऱ्हाड आले, ते स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत.

तारबाबू मूळचे कोकणातले, मराठीच बोलणारे. पण त्यांचे हेल आमच्या झाडीपट्टीच्या कानांना वेगळे. आडनाव गावावरून पडलेले, शेवटी 'कर'. म्हणून गावाने आधी त्यांना कोकणस्थ ब्राह्मण धरले. मग कोणीतरी ऐकले की हे आपल्या प्रार्थनेच्या जागेला 'मशीद' म्हणतात, तेव्हा मुसलमान धरले. दोन्ही जमेना. शेवटी गावाने 'तारबाबू' एवढेच नाव पक्के केले आणि बाकीची चौकशी सोडून दिली. आमच्या गावाची ही सवय मला फार आवडते. ज्याचा उलगडा होत नाही त्याला आमच्याकडे बसायला पाट देतात.

आजोबांना पहिल्यांदा खटकली ती भिंत. आमच्या खोलीत विठोबाची तसबीर, गणपती, लक्ष्मीचे कॅलेंडर, कोपऱ्यात देव्हारा. तारबाबूंची भिंत कोरी. फक्त दाराच्या उजव्या चौकटीला बोटभर लांबीची एक नळी तिरकी ठोकलेली. आतबाहेर करताना ते तिला बोटे लावत आणि ती बोटे ओठांना. तिच्या आत हाताने लिहिलेला मजकूर असतो, पण तो कोणाला दिसत नाही. दिसण्यासाठी तो लिहिलेलाच नसतो. काही दिवस गेल्यावर आजोबांनी न राहवून विचारले, "बाबूजी, तुमी देव कोठी ठेवता जी?"

तारबाबू म्हणाले, "आमच्यात मूर्त नाही. शनिवार आहे."

आजोबांना हे लगेच कळले नाही. त्यांना कळवले ते शुक्रवारने. दुपारपासून त्या घरात लगबग सुरू व्हायची. फरशी पुसून निघायची, टेबलावर पांढरी चादर यायची, दोन दिवसांचे रांधून ठेवले जायचे, बाई ट्रंकेतले चांगले लुगडे काढायच्या. सूर्य मावळायच्या आत त्या तेलाचा दिवा लावत आणि डोळ्यांवर हात धरून काही पुटपुटत. त्यानंतर दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत त्या घरात काडी ओढली जात नसे. आजी सांगायची, आठवडाभर त्या घराकडे कोणी वळून पाहिले नसते. शुक्रवारी संध्याकाळी मात्र उंबऱ्यापाशी थबकायला व्हायचे.

रेल्वेला मात्र शनिवार नव्हता. तारेचा खटका वाजला की हात चालवावाच लागे. तारबाबू जमेल तेवढ्या शनिवारांची अदलाबदल करत. दिवाळीच्या रात्री, होळीच्या दिवशी, नाताळच्या रात्री कामावर तेच. दुसऱ्यांचे सण सांभाळून त्यांनी स्वतःचा एक वार विकत घेतला होता. जेव्हा अदलाबदल जमत नसे तेव्हा ते ड्युटीवर जात, घरी येत, आणि उरलेला शनिवार पाळत. आजोबा म्हणायचे, त्या दिवशी बाबूजी आपल्याशीही कमी बोलायचे.

नंतर वाचायला लागलो तेव्हा कळले की या शनिवारानेच त्यांच्या जातीला कोकणात नाव दिले होते. हे लोक कुलाबा जिल्ह्यात तेलाचे घाणे चालवत. गावात इतर तेलीही होते; पण यांचा घाणा शनिवारी थांबे. बैल सोडलेला, लाट उभी. म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. ग्रंथ नाही, गुरू नाही, भोवतालच्या कोणालाही या वाराचे काही देणेघेणे नाही, गिऱ्हाईक परत जाते आहे, आणि तरी घाणा थांबतो. कितीतरी शतके थांबतो. मला ही गोष्ट कोणत्याही मंदिराच्या कोरीव खांबापेक्षा भव्य वाटते.

पुढे दाविद रहाबी नावाचा एक परका ज्यू कोकणात आला, अशी कथा आहे. कोणी त्याला कोचीनचा म्हणतात. काळाबद्दलही एकमत नाही. ही माणसे आपली आहेत का हे त्याला पडताळायचे होते. त्याने बायांपुढे वेगवेगळे मासे एकत्र ठेवले. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे वेचून घेतले, बाकीचे बाजूला सारले. त्याची खात्री पटली. मग त्याने तिघा तरुणांना हिब्रू आणि प्रार्थना शिकवल्या. त्यांच्या वंशजांकडे काजीपण आले. बघा, परीक्षा कोणाची झाली? चुलीपाशी बसणाऱ्या बायांची. आणि परीक्षेत काय विचारले गेले? रोजचे जेवण.

त्यांच्या जुन्या सणांची नावे आजीला बाईंकडून पाठ झाली होती. नव्याचा सण. खिरीचा सण. दारफळणीचा सण. अनशी ढाकायचा सण, ज्यात आंबट साराचे मडके आठ दिवस झाकून ठेवायचे. मिसरच्या गुलामीतून बाहेर पडताना पीठ आंबवायला वेळ मिळाला नव्हता, म्हणून त्या आठवड्यात आंबवलेले खायचे नाही. हे कारण विसरले गेले होते, मडके झाकणे राहिले होते. आणि बिरड्याचा सण, त्याविषयी पुढे सांगतो.

आजीचे माहेर भंडाऱ्याचे, पितळी भांड्यांच्या धंद्यातले. भंडाऱ्याची ओळखच पितळेची. गुंड, घागरी, परात, गडवे. ठोक्यांचा आवाज ऐकत ती मोठी झाली. चकाकीवर तिचा जीव. भांडे पाहिले की ती आधी ते उन्हात धरायची. तारबाबूंच्या घरातली भिंत कोरी पाहून तिने मनाशी ठरवून टाकले होते की या लोकांना सुंदर वस्तूंचे वावडे असावे. एकदा तिने भीतभीतच माहेरून आलेली एक पितळी समई बाईंना दाखवली. बाईंनी ती घेतली, चिंच लावून घासली, आणि त्या शुक्रवारी दिवा तिच्यात लागला. ज्यू धर्मात असा संकेतच आहे: धर्मकृत्य करायचे तर ते सुंदर करावे. पेला चांगला असावा, दिवा चांगला असावा, ग्रंथाचे वेष्टन चांगले असावे. बाईंना अंगावर दागिना फारसा नव्हता आणि त्याची खंतही नव्हती, पण शुक्रवारच्या दिव्यासाठी त्यांनी समई नाकारली नाही.

त्याच सुमारास केव्हातरी तारबाबूंनी एक गोष्ट सांगितली, ती आमच्या घरात आजही सांगतात. मी ती नंतर तालमूदमध्ये, ज्यू पंडितांच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात, शोधून पाहिली. रब्बी यहोशुआ बेन हनन्या हे दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचे मोठे पंडित, दिसायला कुरूप. रोमन बादशहाच्या मुलीने त्यांना हिणवले की एवढे तेजस्वी ज्ञान आणि ते ठेवले आहे या असल्या भांड्यात! त्यांनी तिला विचारले, तुझ्या वडिलांचा द्राक्षरस कशात ठेवतात? मातीच्या भांड्यांत, ती म्हणाली. ते म्हणाले, तो तर सगळेच ठेवतात. तुम्ही बादशहाची माणसे, सोन्याचांदीत ठेवा. तिने तसे करवले. सगळा रस नासला. ज्ञानाचेही असेच आहे, हे त्यांचे उत्तर. मुलगी मात्र हुशार. देखणे पंडितही असतात की, असे ती म्हणाली. त्यावर ते म्हणाले, ते कुरूप असते तर आणखी शिकले असते.

आजोबांना गाडगेबाबा आठवले. डोक्यावर फुटके गाडगे घेऊन फिरणारा हा साधू विदर्भातलाच, आणि तेव्हा अजून हयात होता. पण आजी चूल फुंकत होती, ती तिथूनच बोलली. तिला गोष्टीतला नासलेला रस पटला होता, कारण कल्हई उडालेल्या पितळेत ताक ठेवले की ते कळकते हे तिला लहानपणापासून माहीत. गोष्टीचा शेवट पटला नव्हता.

"कळकतेच ना बाबूजी. पन म्हून का कोनी गडवा फेकते? कल्हई लावते."

तारबाबू बराच वेळ हसले, असे आजोबा सांगत. त्यांनी आजीला सांगितले की तुम्ही आमच्या पंडितांत बसायला हव्या होतात, तिथे असेच वाद घालतात. मला विचाराल तर आजीचे म्हणणे त्या परंपरेच्या बाहेरचे नव्हतेच. भांडे बाहेरून चकचकीत असू दे. आत ठेवायच्या जिनसेला ते बाधू नये, एवढे पाहायचे. रूप, धन, घराणे, मोठी वास्तू यांना आतून कल्हई हवी. ती उडाली की आतले सगळे कळकते, आणि बाहेरून काही कळतही नाही.

तालमूदमध्ये सौंदर्याची हेटाळणी नाही, हे मला मुद्दाम सांगायचे आहे, कारण धर्म म्हटला की रूपाचा धिक्कार असा आपला समज असतो. तिथेच आणखी एक गोष्ट आहे. रब्बी योहानान अतिशय देखणे. ते आजारी असलेल्या रब्बी एलाझारना भेटायला गेले. खोली अंधारी. योहानाननी बाही वर केली तर त्यांच्या हाताच्या कांतीने खोली उजळली, आणि एलाझार रडताना दिसले. योहानाननी विचारले, का रडता? अभ्यास कमी पडला म्हणून? गरिबी म्हणून? मुले गेली म्हणून? एलाझार म्हणाले, हे रूप एक दिवस मातीत कुजणार म्हणून. योहानाननी त्यांना उपदेश केला नाही. यासाठी रडायलाच हवे, असे म्हणून तेही रडले. नंतर त्यांनी एलाझारना विचारले, हे दुखणे तुम्हाला हवे आहे का? नको, एलाझार म्हणाले. तेव्हा त्यांनी हात पुढे केला आणि आजाऱ्याला उठवले. जो हात क्षणापूर्वी नुसता सुंदर होता, तो आता कोणाला तरी उठवण्याच्या कामी आला. माझ्या मते या परंपरेतली सौंदर्याबद्दलची सगळी समज त्या एका हातात आहे.

एका पावसाळ्याअखेरीस आजीने पाहिले की शेजारची सगळी माणसे पांढऱ्या कपड्यांत आहेत, चूल पेटलेली नाही, दार लावलेले. ती घाबरली. सुतक असावे असे समजून तिने भात-वरण रांधून नेले आणि दार ठोठावले. दार उघडले नाही. दुसऱ्या दिवशी बाई स्वतः आल्या आणि त्यांनी सांगितले: कोणी गेले नव्हते, काल दारफळणीचा सण होता. वर्षातला सर्वांत मोठा उपास. दार लावून घ्यायचे, पांढरे नेसायचे, वर्षभराच्या चुकांची देवापाशी माफी मागायची. त्या दिवशी कोणाकडे जायचे नाही आणि कोणाला घरात घ्यायचे नाही. मग त्यांनी आजीचा हात धरून तिचीही माफी मागितली, दार न उघडल्याबद्दल.

त्या पांढऱ्या कपड्यांमागे फार जुनी रीत आहे. जेरुसलेमात या दिवशी, आणि अव महिन्याच्या पौर्णिमेला, तरुण मुली पांढरे कपडे घालून द्राक्षमळ्यांत नाचायला जात. अट एकच: कपडे उसने हवेत. जिच्याकडे नाहीत तिला लाज वाटू नये म्हणून सगळ्यांनीच उसने घालायचे. राजाच्या मुलीनेसुद्धा. अंत्यविधीचेही तसेच. पूर्वी प्रेताला भारी वस्त्रे नेसवायची चढाओढ लागे. गरिबाला मरणापेक्षा त्याचा खर्च जड जाई, इतका की लोक प्रेत टाकून पळून जात. तेव्हा रब्बान गमलिएल या श्रेष्ठ पंडिताने सांगून ठेवले की मला साध्या तागाच्या कपड्यात न्या. त्याला तसे नेले, आणि पुढे सगळ्यांचीच ती रीत झाली. आजही ज्यू माणसाचे कफन साधे पांढरे असते. सौंदर्य कधी बाजूला ठेवायचे याचा याहून स्वच्छ नियम मला कुठे भेटला नाही: त्याने शेजारी लाजणार असेल तेव्हा.

आता बिरड्याचा सण. श्रावणाच्या आगेमागे येणारा, वालाच्या बिरड्याच्या जेवणाचा. बाई त्या दिवशी गप्प असत. आमच्या भागात वालापेक्षा लाखोळी जास्त, त्यामुळे आजीला ते बिरडे फार लक्षात राहिले. हा सण म्हणजे जेरुसलेमचे मंदिर पडल्याचा शोकदिन. हेरोद राजाने वाढवून बांधलेले ते मंदिर ज्याने पाहिले नाही त्याने सुंदर इमारत पाहिलीच नाही, असे पंडित म्हणत. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने ते जाळले.

वेढा चालू असताना शहरात योहानान बेन झक्काई हे वृद्ध पंडित होते. शहर पडणार हे त्यांनी ओळखले. त्यांच्या शिष्यांनी ते वारल्याची हूल उठवून त्यांना तिरडीवरून वेशीबाहेर काढले. खांदा देणाऱ्यांत एक तेच यहोशुआ, कुरूप भांडे म्हणून पुढे हिणवले गेलेले. योहानान रोमन सेनापती व्हेस्पाशियनला भेटले. तो खूश होऊन म्हणाला, काय हवे ते माग. जगातली सर्वांत सुंदर इमारत काही कोसांवर उभी होती. योहानाननी ती मागितली नाही. त्यांनी यावने नावाचे छोटे गाव मागितले आणि तिथले पंडित. बस, शिकायची जागा द्या. मंदिर का नाही मागितले, म्हणून पुढे त्यांच्यावर टीकाही झाली, आणि ती टीकाही तालमूदने जपून ठेवली. पण यावनेत शिकवणे सुरू राहिले म्हणून तो धर्म राहिला. मंदिर जाऊनही राहिला.

याच यहोशुआंच्या घरी एकदा त्यांचे वरिष्ठ गमलिएल गेले तेव्हा त्यांना भिंती काळ्या दिसल्या, आणि इतक्या वर्षांनी त्यांना कळले की हा पंडित पोटासाठी भट्टीचे काम करतो. यहोशुआंनी त्यांना चांगलेच सुनावले, की ज्या पिढीच्या पुढाऱ्याला आपल्या पंडितांची पोटापाण्याची दैना ठाऊक नाही तिचे कठीण आहे. तारबाबूंच्या कोऱ्या भिंतीचा विचार करताना मला या काळ्या भिंती आठवतात.

विसाव्या शतकात वॉर्साचा जन्म असलेले, पुढे अमेरिकेत गेलेले अब्राहम जोशुआ हेशेल यांनी १९५१ मध्ये शब्बाथवर, म्हणजे याच शनिवारावर, छोटे पुस्तक लिहिले. त्यांचे प्रतिपादन असे की बाकीच्या संस्कृती जागेत देवळे बांधतात, ज्यू धर्माने ती काळात बांधली. ते मी वाचले तेव्हा मला नवे वाटले नाही. वरठीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये एका तारबाबूने आजोबांना पाच शब्दांत तेच सांगितले होते. हेशेल नुसते लिहून थांबले नाहीत, हे मला महत्त्वाचे वाटते. १९६५ मध्ये ते मार्टिन ल्यूथर किंगबरोबर सेल्माच्या मोर्चात चालले.

देऊळ काळात बांधले तरी माणसाला वास्तू हवी असते, आणि बेने इस्रायलांनी ती बांधलीही. सामाजी हसाजी दिवेकर, हिब्रू नाव सॅम्युएल इझिकेल, हे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले अधिकारी. म्हैसूरच्या लढाईत ते टिपूच्या कैदेत पडले; टिपूच्या आईने, हे 'बनी इस्रायल' आहेत असे कळल्यावर, त्यांचा जीव वाचवला अशी आठवण सांगतात. सुटून आल्यावर त्यांनी नवस फेडला: १७९६ मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनागृह, उभे राहिले. ग्रंथाच्या गुंडाळ्या आणायला ते कोचीनला गेले आणि तिथेच वारले, असे सांगतात. रेल्वेच्या मस्जिद स्थानकाचे नाव याच वास्तूवरून पडले असे मानतात.

त्यानंतर शंभर वर्षांत या लोकांनी हरवलेला ग्रंथ परत मिळवला, आणि तो मराठीतून. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडण, म्हणजे तोच अनशी ढाकायचा सण, त्याची पोथी, हगादा, मराठी भाषांतरासह छापली गेली; तिच्यातल्या चित्रात बिनआंबवलेल्या भाकरी भाजणाऱ्या बाया लुगड्यात आहेत. १८८० मध्ये यांनी कीर्तनोत्तेजक मंडळ काढले; अब्राहाम, मोशे, योसेफ यांची आख्याने टाळ-पेटीवर मराठी कीर्तनात उभी राहिली. तारबाबूंना त्यातली आख्याने पाठ होती. आजोबा वारकरी, दोघांनी कधी एकत्र बसून गायले का, हे मी विचारले होते. आजोबा म्हणाले, गायचो ना, रात्रपाळीत. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला, तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवमध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर.

तारबाबूंची बदली झाली आणि पुढे ते कुटुंबासह इस्रायलला गेले. त्या वर्षांत हजारो गेले. तिथे या लोकांच्या ज्यूपणावरच शंका घेतली गेली. लग्न लावताना वंशाचे पुरावे मागितले जात. आंदोलन झाले, आणि १९६४ मध्ये मुख्य रब्बींच्या पीठाला माघार घ्यावी लागली. ज्यांनी ग्रंथावाचून कितीतरी शतके शनिवार पाळला त्यांना कागद मागावा, याचा मला आजही राग येतो.

आज भारतात ज्यू फार थोडे उरले आहेत. २०११ च्या जनगणनेत देशभरात पाच हजारांहूनही कमी, त्यातले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. २०१६ मध्ये राज्य सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. अलिबागच्या इस्रायल आळीत 'मागेन अबोथ' सिनेगॉग आहे, १८४८ साली स्थापन झालेले. मी तिथे गेलो तेव्हा बाके पुसलेली होती, काचेच्या हंड्या स्वच्छ होत्या. पण ज्यू रीतीने सामुदायिक प्रार्थना व्हायला दहा प्रौढ पुरुष हजर लागतात. नऊ असले तर वास्तू कितीही सुंदर असो, ग्रंथ बाहेर काढून वाचत नाहीत. उलट दहाजण असले तर झाडाखालीही चालते. कोकणातल्या कितीतरी सिनेगॉगांत आता ही दहाची भरती मुंबई-ठाण्याहून माणसे आली तरच होते.

अलिबागला गेलात तर किल्ला आणि समुद्र पाहून परतू नका. इस्रायल आळीत जा, नौगावला जा. आणि तुमच्या घरात रेल्वेत, टपालात, फौजेत नोकरी केलेली म्हातारी माणसे असतील तर त्यांना विचारा, शेजारी कोण राहत होते, कोणता सण करत होते, काय रांधत होते. ऐकलेले लिहून ठेवा. बेने इस्रायलांच्या कोकणाची आणि मुंबईची नोंद केहिमकरांनी करून ठेवली आहे; वरठीसारख्या आडगावांतल्या त्यांच्या बिऱ्हाडांची नोंद फारशी कोणी केलेली नाही.